गाडी निवडण्याआधी चिखल मोजा



गेल्या काही बैठकांत एक प्रश्न वारंवार कानावर येतो आहे. गटाकडे, कंपनीकडे किंवा चार भावांत मिळून थोडा पैसा जमला आहे. गावासाठी एखादी दणकट गाडी घ्यायची आहे. पावसाळ्यात वावरापर्यंत जाईल, खताची पोती नेईल, फवारणीचे पाणी नेईल, वेचणीच्या बायांना ने-आण करील आणि अडीनडीला बाजेवरचा रोगी डांबरी सडकेपर्यंत पोचवील अशी गाडी. मग कोणीतरी म्हणतो, "फोर व्हील ड्राइव्ह घ्या, कुठंच फसत नाही."

"कुठंच फसत नाही" हे वाक्य जाहिरातीतले आहे. जाहिरातीतली गाडी वाळूवर, दगडावर, डोंगराच्या खळाळत्या ओढ्यात पळताना दिसते. आपल्या भारी काळ्या रानात, भर श्रावणात, ट्रॅक्टरने उकरलेल्या पांदणीत तिचे चित्रीकरण कोणी केलेले नाही. म्हणून गाडीच्या दुकानात पाय ठेवण्याआधी आपल्या पांदणीत पाय ठेवावा, तिथला चिखल मोजावा आणि मग गाडी ठरवावी. आणि ती ठरवताना आणखी एक गोष्ट विसरू नये. शेतकऱ्याला फोर व्हील ड्राइव्हसाठी जे जादा पैसे मोजावे लागतात, ते हौसेचे नसतात. रस्ता न देणाऱ्या व्यवस्थेने त्याच्यावर बसवलेला तो दंड असतो.

काळी माती काय करते

दख्खनच्या काळ्या दगडातून तयार झालेली आपली माती चिकणमातीने भरलेली आहे. त्या चिकणमातीत माँटमोरिलोनाइट नावाचा खनिज प्रकार आहे. त्याचे कण पाणी पोटात घेऊन फुगतात आणि वाळले की आकसतात. उन्हाळ्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. पऱ्हाटीला आणि रब्बी ज्वारीला ओल पुरते तीही यामुळेच. जो गुण पिकाचा आधार आहे, तोच रस्त्याचा वैरी आहे. भिजलेली काळी माती भार पेलत नाही आणि चाकाला सोडत नाही.

आता यात चाकाचे काय होते ते पाहा. टायरवरची नक्षी जमिनीत रुतून पकड घेते. काळा गारा त्या नक्षीत गच्च बसतो, आणि दहा पावलांत नवा टायर घासून गुळगुळीत झालेल्या टायरसारखा होतो. वखराच्या पासेला माती लागली की तुम्ही वखर उचलून ती झाडता. गाडीच्या चाकाला ती सोय नाही. मग दोन चाकांना ओढ असेल तर दोन चाके जागेवर फिरतात आणि चार चाकांना असेल तर चार फिरतात. चार चाके चौपट वेगाने खड्डा खणतात, एवढाच फरक उरतो.

म्हणून फोर व्हील ड्राइव्ह फुकटची आहे का? नाही. गाडी पुढे जाते ती ओढणाऱ्या चाकांवर जेवढे वजन असेल आणि त्यांची जमिनीवर जेवढी पकड असेल त्यावर. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजनच नसते, म्हणून ती साध्या चिखलात नाचते. चारही चाकांना ओढ दिली की गाडीचे सगळे वजन कामाला लागते. बंडीला जुंपलेली बैलजोडी आठ पायांनी ओढते. एका बैलाचा पाय घसरला तर दुसऱ्याचे चार पाय रोवलेले असतात. फोर व्हील ड्राइव्हचे तत्त्व तेच आहे. पण आठही पाय एकदम घसरतील अशी जागा आली की बैलही बसतात आणि गाडीही बसते.

चिखलही सगळा सारखा नसतो. मृगाच्या पहिल्या पावसात वरची चार-सहा बोटे भिजलेली असतात आणि खाली जमीन कडक असते. तिथे अरुंद, खोल नक्षीचा टायर गारा कापून खालच्या कडक थराला टेकतो आणि निघतो. मघा नक्षत्रापर्यंत ओल हात-दोन हात खाली गेलेली असते. कडक थर उरलेलाच नसतो. तिथे हलकी गाडी आणि थोडी हवा कमी केलेला टायर चालतो, कारण हवा कमी केली की टायर पसरतो आणि भार जास्त जागेवर वाटला जातो. जड, रुबाबदार गाडी तिथे पोटावर बसते. मुरमाड, बरड रानात तर बहुतेक दिवस साधी दोन चाकांच्या ओढीची गाडीही जाते. म्हणजे तुमचे शिवार कोणत्या मातीचे, पांदणीचा कोणता तुकडा फसवतो आणि कोणत्या महिन्यात, एवढे लिहून काढले तर अर्धी निवड तिथेच होते.

पाटी नको, पाच गोष्टी पाहा

गाडीच्या पाठीवर फोर बाय फोर असे लिहिलेले असते. ते वाचून पैसे देऊ नका. पुढच्या पाच गोष्टी विचारा.

पहिली गोष्ट लो गिअरची. खऱ्या रानगाडीत मुख्य गिअरपेटीला जोडून दुसरी छोटी पेटी असते. तिच्यात लो टाकला की गाडी हळू चालते आणि चाकावरचा जोर वाढतो. चिखलात वेग कामाचा नाही, सावकाश आणि न थांबणारा जोर कामाचा. शहरी गाड्यांत ऑल व्हील ड्राइव्ह नावाची व्यवस्था असते. तीत बहुधा ही पेटी नसते. ओल्या डांबरी घाटात ती चांगली असली तरी पांदणीत थोडक्यात दमते.

दुसरी गोष्ट डिफरन्शियलच्या लॉकची. वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरावे म्हणून प्रत्येक एक्सलवर डिफरन्शियल असते. त्याची खोड अशी की जे चाक सहज फिरते त्याच्याकडे ते सगळे बळ जाऊ देते. पुढचे एक आणि मागचे एक चाक गाऱ्यात सुटले की बाकी दोन चाके कोरड्यावर असूनही गाडी जागची हलत नाही. लॉक असला तर दोन्ही चाकांना सारखे फिरावेच लागते. दोन्ही एक्सलला लॉक असेल तर सोन्याहून पिवळे. निदान मागच्या एक्सलला तरी असावा.

तिसरी गोष्ट पोटाच्या उंचीची. आपल्या पांदणीत ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात. चाके चाकोरीत उतरली की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. गाडीचा सर्वांत खालचा भाग म्हणजे बहुधा एक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा. तो जमिनीपासून किती उंच आहे ते टेप लावून स्वतः मोजा, आणि माल भरल्यावर मोजा. बंडीचे चाक एवढे उंच का ठेवत असत, याचे उत्तर तिथे मिळेल.

चौथी गोष्ट वजनाची आणि टायरची. दोन गाड्यांत बाकी सगळे सारखे असेल तर हलकी घ्या. मारुतीची जिप्सी १९८५ ते २०१९ या काळात बाजारात होती. तिचे वजन सुमारे एक टन होते. जुनी असूनही लोक ती आजही शोधत फिरतात, त्याचे हे एक कारण आहे. टायर मोकळ्या आणि खोल नक्षीचे घ्या, म्हणजे फिरताना गारा बाहेर फेकला जातो. नवी गाडी आणि घासलेले टायर यापेक्षा जुनी गाडी आणि चांगले टायर केव्हाही बरे.

पाचवी गोष्ट मिस्तरीची. गाडी तालुक्याच्या गावी उघडता येते का? सुटा भाग त्याच दिवशी मिळतो का? पाटे तुटले तर वेल्डिंगवाला बसवून देईल का? आठ दिवस जिल्ह्याच्या गॅरेजात उभी राहणारी गाडी पेरणीच्या हंगामात नसल्यासारखी आहे. ज्या गाडीच्या पोटात संगणकाचे डोके जास्त, तिचा दवाखाना लांब.

व्हॅन, जीप की पिकअप

आपल्याला खरे तर हवी आहे व्हॅन. माणसे बसतील, माल राहील आणि वरून बंद असेल अशी. कापूस उघड्या गाडीत भिजला तर काय होते ते तुम्हाला सांगायला नको. सीसीआयच्या खरेदीत आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो. त्यावर बारा टक्क्यांपर्यंत कपात होते आणि बारापुढे माल परत येतो. अवकाळीच्या एका सरीत ताडपत्री उडाली की वर्षाच्या भावातून टक्के कापले जातात. शिवाय कापूस जागा खातो आणि वजन देत नाही, तर ज्वारी वजन देते आणि जागा खात नाही. म्हणून कापसाच्या गावाला मोठ्या पेटीची आणि ज्वारीच्या गावाला मजबूत पाट्यांची गाडी लागते.

चारही चाकांना ओढ असलेली साधी, स्वस्त व्हॅन जगात नाही असे नाही. रशियात उल्यानोव्हस्कच्या कारखान्यात १९६५ पासून एक व्हॅन तयार होते. पावाच्या लादीसारखी दिसते म्हणून लोक तिला पावच म्हणतात. दोन भक्कम एक्सल, लो गिअर, साधे इंजिन, वरून पत्र्याची पेटी. तिथल्या खेड्यांत ती रुग्णवाहिका झाली, टपालगाडी झाली, शेतावरची गाडी झाली. आपल्याकडे मात्र ओमनी असो, ईको असो की छोटा हत्ती, सगळ्यांची ओढ मागच्या दोन चाकांना. जीप इथे स्वातंत्र्याच्या वर्षापासून, म्हणजे १९४७ पासून जोडली जाते आहे. पण पुढची कित्येक दशके कारखानदाराने काय आणि किती बनवायचे हे परवान्यावर ठरत होते. शेतकऱ्याच्या चिखलाला कोणी परवाना मागितला नाही, म्हणून शेतकऱ्याची व्हॅन कोणी बनवली नाही. १९९१ नंतर परवाने सुटले तेव्हा कारखानदाराने साहजिकच ज्याच्या खिशात पैसा आहे त्याच्यासाठी गाड्या काढल्या. शेतमालाला भाव असता तर कारखानदार आपल्या पांदणीत येऊन मापे घेऊन गेला असता.

तेव्हा आज आपल्यापुढे तीन वाटा आहेत.

एक वाट जीपच्या जातीची. थार, गुरखा या त्या गाड्या. लो गिअर आहे, उंची आहे, आणि गुरखाला तर पुढेमागे दोन्हीकडे लॉक मिळतो. चिखलात या पहिल्या नंबरच्या. पण त्या माणसे नेणाऱ्या गाड्या आहेत. माल थोडा मावतो आणि किंमत जास्त.

दुसरी वाट दोन ओळी आसनांच्या पिकअपची. बोलेरो कॅम्पर आणि पिकअप यांत फोर व्हील ड्राइव्हचे प्रकार निघालेले आहेत. दुकानदार साधाच प्रकार पुढे करतो, कारण तो त्याच्याकडे उभा असतो. तुम्ही फोर व्हीलचाच मागा, लेखी मागा, आणि घेण्यापूर्वी त्याचा लो गिअर टाकून पाहा. मागच्या हौद्यावर लोखंडी सांगाडा आणि पक्के आच्छादन बसवले की ही गाडी आपल्या कामाच्या व्हॅनच्या सर्वांत जवळ जाते. अशी बांधणी करताना उंची, लांबी आणि नोंदणीचे नियम आरटीओत आधी विचारून घ्या.

तिसरी वाट जुन्या गाडीची. जुनी जीप, ट्रॅक्स, जिप्सी. कमी पैशात येते, मिस्तरीला ओळखीची असते. पण फोर व्हीलची दांडी वर्षानुवर्षे ओढलेली नसली तर आतले दात गंजलेले असतात. चिखलात नेऊन, चारही चाके फिरतात हे डोळ्यांनी पाहून मगच विसार द्या. कागद, विमा आणि नोंदणीची मुदत तपासा.

माझे मत विचाराल तर गटासाठी दुसरी वाट बरी. दोनचार घरांपुरता, मुख्यतः माणसांसाठी विचार असेल तर तिसरी. दहा-पंधरा एकर कोरडवाहू असलेल्या एकट्या कास्तकाराने मात्र कर्ज काढून फोर व्हील ड्राइव्ह घेऊ नये. का, ते हिशेबात पाहू.

हिशेब

समजा, एकाच जातीच्या दोन गाड्या आहेत. साधीपेक्षा फोर व्हीलवाली दोन लाखांनी महाग आहे. गाडी दहा वर्षे चालली असे धरा. वर्षाला वीस हजार झाले. कर्जावरचे व्याज सरासरीने वर्षाला दहा हजार धरा. म्हणजे केवळ त्या जादा ओढीसाठी वर्षाला तीस हजार. जादा डिझेल आणि दुरुस्ती यात धरलेलीच नाही.

आता तुमच्या गावात वर्षातून किती दिवस असे येतात की साधी गाडी जात नाही आणि फोर व्हीलवाली जाते? कॅलेंडरवर खुणा करून मोजा. चाळीस दिवस निघाले असे समजू. तीस हजार भागिले चाळीस म्हणजे दिवसाला साडेसातशे रुपये. एकट्याने हे सोसायचे तर कोरडवाहू कापसाच्या भावात ते बसत नाहीत. पण पंधरा घरांत वाटले तर घरामागे दिवसाला पन्नास रुपये येतात. पन्नास रुपयांत पेरणीची वेळ गाठली, खत वेळेवर पडले, पोर दवाखान्यात पोचले, तर तो सौदा फायद्याचा आहे.

चाळीसच्या जागी दहा दिवस निघाले तर? तर गाडी साधी घ्या आणि त्या दहा दिवसांसाठी गावातला ट्रॅक्टर सांगून ठेवा. आणखी एक लक्षात घ्या. कापसाची मुख्य वेचणी दसऱ्यापुढची आणि रब्बी ज्वारीचे खळे माघ-फाल्गुनातले. बाजाराला माल निघतो तेव्हा पांदण बहुधा वाळलेली असते. म्हणजे माल विकायला फोर व्हील फारशी लागत नाही. ती लागते मृगापासून हस्तापर्यंत, माणसासाठी आणि निविष्ठांसाठी. गाडी निवडताना हे काम डोळ्यांपुढे ठेवा.

कायद्याच्या दोन-तीन गोष्टी याच हिशेबात धरा. एकूण तीन हजार किलोपर्यंत भरवजन असलेल्या मालवाहू गाडीला परवाना लागत नाही. आरसीवरचा आकडा पाहून घ्या. साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या मोटारीच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्के केले. पण मालवाहू गाडीच्या हौद्यात वेचणीच्या बायांना बसवून नेणे हा सर्वांत मोठा धोका आहे. अपघात झाला तर त्यांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनी झटकून टाकते आणि ती गाडीमालकावर येते. घरही जाते आणि वावरही जाते. आरसीवर जेवढ्या आसनांची नोंद आहे तेवढीच माणसे न्या. बाया जास्त असतील तर दोन खेपा करा. डिझेल स्वस्त आहे, बायांचा जीव स्वस्त नाही.

आणि वाहत्या पाण्याशी पैज लावू नका. नाल्याला पूर आला की फोर व्हील ड्राइव्हचा काडीचा उपयोग नाही. दोन फूट वाहते पाणी गाडी उचलू लागते. चाके जमिनीला टेकलीच नाहीत तर ओढ दोन चाकांना काय आणि चार चाकांना काय, सारखीच.

उंच पोटावर कर

आता या गाडीच्या किमतीत सरकारचा वाटा किती ते पाहा. २०१३च्या अंदाजपत्रकात तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी एसयूव्ही गाड्यांवरचे अबकारी शुल्क २७ वरून ३० टक्के केले. कारण दिले ते असे की या गाड्या रस्त्यावर आणि पार्किंगमध्ये जास्त जागा अडवतात. एसयूव्ही कोणती हे ठरवण्यासाठी तीन मापे लावण्यात आली. इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठे, लांबी चार मीटरपेक्षा जास्त आणि पोटाची उंची १७० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. पुढे जीएसटी आल्यावरही हीच मापे चालू राहिली.

भावांनो, हे तिसरे माप नीट वाचा. गाडीचे पोट जमिनीपासून उंच असणे ही चैन ठरवण्यात आली. मुंबईच्या रस्त्यावर ती चैन असेलही. आमच्या चाकोरीत ती गरज आहे. पार्किंगची अडचण असलेल्याने कायदा लिहिला आणि पार्किंगची जागाच नसलेल्या, नुसता गारा असलेल्या गावाने तो कर भरला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. ट्रॅक्टरवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. मालवाहू गाड्यांवरचा २८ वरून १८ झाला. ही कपात चांगलीच म्हणायची. पण छोट्या गाड्या सोडून पेट्रोल-डिझेलच्या बाकी प्रवासी गाड्यांवर सरसकट ४० टक्के कर आहे. म्हणजे दुर्गम गावाने माणसे नेण्यासाठी डिझेलची फोर व्हील जीप घेतली, तर तिच्यावर आणि शहरातल्या हौशी माणसाच्या रविवारच्या गाडीवर कर एकच. गटाने दोन ओळी आसनांची मालवाहू पिकअप घ्यावी असे मी वर म्हटले त्याचे हेही एक कारण आहे.

कोणी म्हणेल, मग शेतकऱ्याच्या फोर व्हीलला अनुदान मागू. मला ते पटत नाही. अनुदान आले की यादी येते, यादी आली की साहेबाचा शिक्का येतो. ठरावीक दुकानदाराचीच गाडी घ्या असे होते, आणि अनुदानाएवढी किंमत आधीच वाढलेली असते. अवजारांच्या बाबतीत हे आपण पाहिलेले आहे. आम्हाला भीक नको. चिखलात काम करणाऱ्या गाडीला चैन म्हणू नका, आणि रस्ता द्या.

गाडी रस्त्याची जागा घेऊ शकत नाही

मुद्द्याचे बोलायचे तर हेच. फोर व्हील ड्राइव्ह गावात आली की एक धोका असतो. ज्यांच्याकडे ती आहे त्यांचे भागते आणि पांदणीसाठी भांडणाऱ्यांतली चार माणसे कमी होतात. उरलेल्यांसाठी तीच जड गाडी चाकोऱ्या आणखी खोल करून ठेवते. बंडीवाल्याची वाट फोर व्हीलवाला बंद करतो. असे होऊ देऊ नका.

शेतकरी चळवळीच्या इतिहासाचे पहिले पान रस्त्याचे आहे. जानेवारी १९८० मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली भामनेर खोऱ्यातले शेतकरी वांद्रे ते चाकण असे ६४ किलोमीटर पायी चालत गेले. मागणी रस्त्याची होती. कांद्याच्या भावाचे आंदोलन आणि रस्त्याची मागणी यांत फरक नव्हता, कारण माल बाजारात पोचलाच नाही तर भाव कोणाला मिळणार? आज इतक्या वर्षांनी आपण तेच मागतो आहोत.

मागण्याआधी आपले हत्यार ओळखून घ्या. तलाठ्याकडे गावनकाशा असतो. त्यावर गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी आणि पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवलेला असतो. गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा. आज तुमची पांदण किती उरली आहे ते साखळी टाकून मोजा. धुरा सरकवत सरकवत ती आपल्यापैकीच कोणी खाल्लेली असते, हेही मान्य करा. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असेल तर १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांत. वावराला रस्ताच नसेल तर १९६६च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली शेजाऱ्याच्या बांधावरून रस्ता मागता येतो. पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजना २०१८ मध्ये आली, २०२१ मध्ये आली. नावे बदलली, पाट्या बदलल्या. योजना कागदावर फिरते. ती पांदणीत आणायची तर गावाचा ठराव, मोजणी आणि अतिक्रमण काढून दिल्याची सही ही तयारी आपली हवी.

रस्ता करून घेताना नुसता मुरूम टाकून घेऊ नका. काळ्या मातीवर थेट टाकलेला मुरूम दोन पावसाळ्यांत खाली जातो आणि गारा वर येतो. आधी दोन्ही बाजूंनी चर खणून पाण्याला वाट द्या. मग रस्ता मधून उंच आणि कडेने उतरता करा, आणि नंतर मुरूम टाकून रोलरने दाबून घ्या. पाणी निघाले तर काळी माती भार पेलते, पाणी साचले तर दगडही गिळते. चर खणलेल्या पांदणीत साधी पिकअप जाईल आणि फोर व्हीलचे दोन लाख खिशात राहतील.

तेव्हा पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एका कागदावर चार गोष्टी लिहून आणाव्यात. पांदणीचा कोणता तुकडा फसवतो आणि त्याची लांबी किती. मृग ते हस्त यांत किती दिवस वाट बंद होती. त्या दिवसांत कोणाचे काय अडले. आणि नकाशावर तिची रुंदी किती आहे नि जागेवर किती. ज्या गावाचे दिवस जास्त आणि रस्त्याची आशा लांब, त्या गावाने घरे जोडून फोर व्हीलची पिकअप खुशाल घ्यावी. गाडी पाहायला मीही सोबत येईन. आणि सगळ्या गावांचे कागद एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवू. अडलेल्या दिवसांचा आकडा गावागावातून, सह्यांनिशी आला, तर तो फाइलीत दाबणे त्यांना सोपे जाणार नाही.

गाडीची किंमत कशी ठरते हे कारखानदाराला माहीत आहे. चिखलाची किंमत आपल्याला माहीत आहे. ती आता लिहून मांडायची आहे.